नवा कोच येईपर्यंत

फेब्रुवारी सरत आला की इचिकावातल्या आमच्या बाल्कनीत कपडे वाळत घालणं बंद होतं. डोंगरातल्या देवदारासारख्या उंच झाडांचा पराग वाऱ्यावर शहरात येतो आणि अर्धं जपान डोळे चोळत, नाक पुसत हिंडायला लागतं. पहिली काही वर्षं मला वाटायचं, हे त्यांचं दुखणं, आपल्याला काय होणार. मग एका वर्षी मलाही शिंका सुरू झाल्या आणि शेजारच्या बाई मनापासून म्हणाल्या, "आता तुम्ही इथल्या झालात."

यंदाही घरात दोऱ्या बांधल्या आहेत. टॉवेल, चादरी, इराचे मोजे डोक्यावर लोंबताहेत आणि त्यांच्याखालून वाकून मी स्वयंपाकघरात जाते-येते. खिडक्या बंद. गेल्या आठवड्यात अशीच ओल्या चादरीखालून वाकत असताना फोन वाजला. इराच्या बास्केटबॉल संघाच्या पालकांचा ग्रुप. कोच जाणार, असं एका आईने लिहिलं होतं. त्याखाली दुसरीने, मग तिसरीने. कोण येणार? कुणी काही ऐकलंय का? मी फोन पालथा ठेवला. ते सगळे दिवस त्या बंद खोलीत माझ्याभोवती परत येऊन बसले.

दोन वर्षांपूर्वी हाच मोसम होता. इरा विद्यापीठाचं दुसरं वर्ष संपवत होती. ती इथे आली तेव्हा बालवाडीत होती. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर जपानीत देते. उंची तिला संजयकडून आली, माझ्या नवऱ्याकडून. शाळेत कुणीतरी तिच्या हातात बॉल दिला आणि त्यानंतर आमच्या घरात रविवार असा उरलाच नाही. संजयची इथली पोस्टिंग संपली, कंपनीने त्याला पुण्याला परत बोलावलं, तेव्हा ती कॉलेजच्या पहिल्या वर्षात होती. "चार वर्षांचा तर प्रश्न आहे," संजय म्हणाला. "तू थांब तिच्याजवळ. मी तिकडचं बघतो." आम्ही दोघंही फार समजूतदारपणे बोललो. इतक्या समजूतदारपणाने घेतलेले निर्णय पुढे मोडता येत नाहीत, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

इराला त्या विद्यापीठात नेणारे कुरोदा-सेन्सेई. सेन्सेई म्हणजे सर; ते संघाचे मुख्य कोच होते. ती शाळेत शेवटच्या वर्षाला असताना ते स्वतः आमच्या घरी आले. दारात बूट काढून, त्यांची टोकं बाहेरच्या बाजूला वळवून ठेवली आणि आमच्या छोट्या टेबलाशी ताठ बसले. मी पोहे केले होते. त्यांनी ते चमच्याने सावकाश, एकही दाणा न सांडता खाल्ले आणि ताटली थोडीशी पुढे सरकवली. मी परत वाढले.

"इरा-सानचे हात मऊ आहेत," ते म्हणाले. "बॉल असा झेलते, जणू कुणी झोपलंय आणि ते जागं होऊ नये."

संजयने विचारलं, "ती तिथे एकटी नाही ना पडणार? तिच्यासारखी दिसणारी दुसरी कुणी नाही तुमच्या संघात."

त्यांनी चमचा खाली ठेवला. "चार वर्षं ती माझी जबाबदारी," ते म्हणाले आणि टेबलाला कपाळ टेकेल इतके वाकले. संजयला एवढंच हवं होतं. मलाही. खेळाच्या शिफारशीवर तिचा प्रवेश झाला.

तर दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी ती प्रॅक्टिसहून आली आणि बूट न काढता दारातल्या पायरीवरच बसून राहिली. पाठीवरची बॅगही उतरवली नाही. मास्क खाली, डोळे लाल. पण त्या मोसमात सगळ्यांचेच डोळे लाल असतात.

"सेन्सेई जाणार," ती म्हणाली.

"कुठे?"

"सांगितलं नाही. वैयक्तिक कारण, म्हणाले. मार्चअखेरपर्यंत."

"तुम्ही विचारलं नाही?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भर रस्त्यात काहीतरी ओरडले आहे. वैयक्तिक कारण म्हटलं की इथे पुढचा प्रश्न नसतो. मुली रांगेत उभ्या होत्या, सेन्सेई वाकले, मुली वाकल्या आणि मग नेहमीसारखी धावायची प्रॅक्टिस झाली. एवढंच.

त्यानंतरचे दिवस नुसते नावांचे होते. स्टेशनजवळच्या एका रेस्टॉरंटमध्ये पालकांची बैठक झाली. बोलावली होती ओनो-सान यांनी. त्यांची मुलगी संघाची कॅप्टन, म्हणून पालकांतही मोठेपण त्यांच्याकडे. आम्ही सगळ्या जणी मास्क लावून बसलो होतो. कॉफी पिण्यापुरता तो हनुवटीवर उतरवायचा, परत वर. त्यामुळे बोलणं थांबत-थांबत चालायचं. राष्ट्रीय संघात खेळलेल्या एका बाईंचं नाव निघालं. त्या नक्की येणार नाहीत, असं दोघींनी खात्रीने सांगितलं. प्रतिस्पर्धी विद्यापीठातल्या सहायक कोचचं नाव निघालं. ते तरुण आहेत, पण बायको इथलीच, म्हणजे येऊ शकतील. आपल्याकडे लग्नाच्या मुलीसाठी स्थळं काढतात ना, थेट तसंच. घराणं, स्वभाव, आधीचं का मोडलं. फरक इतकाच की आपल्याकडे निदान शेवटी मुलीला दाखवतात.

मग एक नाव निघालं आणि सगळ्यांनी कप खाली ठेवले. हिराई-सान. माजी विद्यार्थ्यांच्या संघटनेतले वजनदार गृहस्थ, खूप वर्षांपूर्वी याच संघाचे कोच. त्यांच्या काळात मुलींनी केस कानाच्या वर कापायचे, बाहेरच्या कुणाशी बोलायचं नाही, हरलं की परतीचा रस्ता धावत. "त्यांच्या काळात संघ जिंकायचा मात्र," ओनो-सान म्हणाल्या आणि मास्क वर ओढला.

कोचना काय झालं असावं, यावरही अंदाज होते. ते जानेवारीत दोनदा प्रॅक्टिसला आले नव्हते. वजन कमी झालंय, असं एकीने पाहिलं होतं. आजारी असणार. हे म्हटल्यावर टेबलाभोवती सगळ्यांच्या खांद्यांवरचा ताण थोडा सैल झाल्यासारखा वाटला.

पुण्याहून संजयचा रोज व्हिडिओ कॉल. तो तिकडे एकटा, जेवून झाल्यावर त्याला उद्योग नसायचा. त्याने सगळ्या नावांची माहिती इंटरनेटवरून काढली होती, जपानी पानांचं मशीनने केलेलं भाषांतर वाचून. "अगं, तो प्रतिस्पर्धी टीमवाला बरा वाटतोय. डिफेन्सवाला आहे." मी म्हणायचे, हो. "आणि तो म्हातारा आला तर सरळ सोडून दे म्हणावं. दुसरं कॉलेज नाही का?"

मीही इराला तेच विचारलं. ती पलंगावर बसून गुडघ्याला पट्टी बांधत होती.

"दुसरं नसतं, आई," ती म्हणाली. हे ती मराठीत म्हणाली म्हणून मी कामं सोडून तिच्यासमोर बसले. मग तिने समजावून सांगितलं, मोठ्या माणसाला समजावतात तसं. ती आली होती तिच्या शाळेच्या शिफारशीवर. तिने संघ सोडला, तर विद्यापीठ पुढच्या वर्षापासून त्या शाळेच्या मुली घेणार नाही. माओ नावाची तिच्या शाळेतली मुलगी एप्रिलमध्ये येणारच होती. माओच्या मागे आणखी दोघी, अजून शाळेतच, तिच्याकडे डोळे लावून होत्या.

"त्यांच्यासाठी तू अडकून राहायचं?"

"त्यांच्यासाठी नाही फक्त." पट्टी नीट बसेना, तिने सोडून परत गुंडाळायला घेतली. "बाबा तिकडे एकटा. तू इथे माझ्यासाठी थांबलीस, बास्केटबॉलसाठी. मग मी कशी सोडू?"

मी आतापर्यंत समजत होते की मी तिला सावरून धरलंय. भिंतीला टेकून उभं राहावं आणि मग कळावं की भिंतही आपल्यालाच टेकून उभी आहे, दोघांपैकी कुणालाच बाजूला होता येत नाही, तसं काहीतरी.

एके दिवशी हिराई-सान खरंच प्रॅक्टिस बघायला आले. हाताची घडी घालून कडेला बसले, काही बोलले नाहीत, चहा घेतला नाही, निघून गेले. त्या संध्याकाळी मी इराला आरशासमोर पाहिलं. तिची वेणी कमरेपर्यंत येते. तिने ती दुमडून कानाच्या वर धरली होती आणि मान या बाजूला, त्या बाजूला वळवून बघत होती.

"काय करतेस?"

"काही नाही. केसच तर आहेत."

आठवड्यातले काही दिवस मी निशी-कसाई भागातल्या एका भारतीय दुकानात काम करते. डाळी, पीठ, मसाले, रविवारी पुण्या-मुंबईच्या आयटीवाल्यांची झुंबड. मार्च लागल्यावर एका दुपारी दुकानात कुणी नव्हतं आणि कुरोदा-सेन्सेई आत आले. मास्क, टोपी, हातात छत्री. मला बघून ते दचकले नाहीत, म्हणजे मुद्दामच आले होते. पण म्हणाले, "ते पिवळे तांदूळ. तुमच्या घरी खाल्ले होते, ते."

मी पोह्यांचं पाकीट काढून दिलं. कसे भिजवायचे, सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. मग पाकीट हातात धरून तसेच उभे राहिले. माझं जपानी दुकानातलं. वळणं घेऊन विचारायची भाषा मला इतक्या वर्षांत आली नाही.

"सेन्सेई, तुम्ही का चाललात?"

त्यांनी छत्री काउंटरला टेकवून ठेवली. मग म्हणाले, "हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

"तब्येत बरी नाही का?"

"तब्येत उत्तम आहे," ते म्हणाले, आणि ही जणू लाजेची गोष्ट असावी तशी त्यांनी मान खाली घातली. "क्यूशूला चाललोय. तिथल्या विद्यापीठातला मुलांचा संघ आहे. वरच्या विभागातला. माझं वय तुम्ही बघताच. पुन्हा मला कुणी बोलावणार नाही."

"तुम्ही चार वर्षं म्हणाला होतात."

"म्हणालो होतो."

त्यांनी सारवासारव केली असती तर मला भांडता आलं असतं. ते नुसते उभे राहिले. मग म्हणाले की तिकडचं विद्यापीठ एप्रिलमध्ये जाहीर करणार आहे, तोवर त्यांना कुणालाच सांगता येत नाही. "तुम्हाला सांगितलं, कारण तुमच्या टेबलाशी बसून मी शब्द दिला होता. इरा-सानला कृपा करून सांगू नका."

मी 'हाय' म्हटलं. जपानीत त्याचा अर्थ हो असा होतो, आणि नुसतं ऐकलं असाही होतो. त्यांनी हो असा घेतला. तासाभराने माझ्याही लक्षात आलं की मीही तसाच घेतलाय.

घरी आले तर टेबलावर रंगीत कागदांचे चौकोन पसरले होते. मुलींनी ठरवलं होतं, सेन्सेईंसाठी कागदाचे करकोचे करायचे. आजारी माणसाला इथे असे हजार करकोचे दोऱ्यात ओवून देतात, बरं वाटावं म्हणून. प्रत्येकीच्या वाट्याला काही आले होते. "आई, मदत कर ना," इरा म्हणाली, आणि मी हात धुऊन बसले.

मला ते पक्षी नीट जमायचे नाहीत. माझ्या पक्ष्यांच्या माना लुळ्या पडायच्या. इरा त्या सरळ करायची. तिची बोटं झरझर चालायची आणि माझ्या कानात ते वाक्य वाजत राहायचं. तब्येत उत्तम आहे. डोक्यावर मोजे वाळताहेत, खिडक्या बंद, एका टेबलाशी आम्ही दोघी एका धडधाकट माणसाच्या प्रकृतीसाठी पक्षी करतोय. असे कितीतरी दिवस गेले. ग्रुपवर नावं चालूच होती. राष्ट्रीय संघातल्या बाई परत चर्चेत आल्या, परत मागे पडल्या. एक अमेरिकन कोच येणार, असंही कुणी लिहिलं. मला तेव्हा वाटायचं, ज्यांना स्वतःला जागचं हलता येत नाही, ते अशी नावं हलवत बसतात. सोंगट्यांसारखी. ओनो-सान, संजय, मी, आम्ही सगळे. खरा पट दुसरीकडेच कुठल्या तरी ऑफिसात मांडलेला होता.

शेवटी मला सोसेना. एका संध्याकाळी निळा कागद अर्धवट दुमडलेला असतानाच मी म्हटलं, "इरा, सेन्सेई आजारी नाहीत."

तिची बोटं थांबली नाहीत. "माहितीये."

"क्यूशूला..."

"मुलांच्या संघाकडे. माहितीये, आई."

"आणखी कुणाला माहितीये?"

"सगळ्यांना. नोझोमी-सानना पण." नोझोमी-सान म्हणजे संघाच्या सहायक कोच, तिशीतल्या. मुलींना रोज धावायला लावणाऱ्या, गुडघे बांधून देणाऱ्या त्याच. नावांच्या चर्चेत त्यांचं नाव एकदाही आलं नव्हतं.

"मग हे कशाला चाललंय?" मी कागदांकडे हात केला.

तिने करकोच्याची मान मोडून चोच काढली. "आजारी माणसावर रागावता येत नाही ना," ती म्हणाली. "आणि रागावलो, तर एप्रिलपासून खेळणार कशा?"

मी तो निळा कागद परत हातात घेतला. दुसरं काय करणार होते? त्या संध्याकाळी आम्ही वाट्याचे सगळे पक्षी पूर्ण केले.

मार्चच्या अखेरीला जिममध्ये निरोपाचा कार्यक्रम झाला. पालकांनाही बोलावलं होतं. आम्ही बाहेर बूट काढून, तिथल्या तपकिरी सपाता घालून भिंतीकडेला उभे. कॅप्टनने करकोच्यांच्या माळा पुढे केल्या. इतक्या रंगांचा तो घोस, आणि सेन्सेईंनी तो दोन्ही हातांनी घेतला. मग सगळ्या मुली एका आवाजात म्हणाल्या, "तब्येतीची काळजी घ्या."

ते वाकले, आणि बराच वेळ वर उठलेच नाहीत. "घेईन," असं खालीच म्हणाले. मी ओनो-सानकडे पाहिलं. त्या स्वतःच्या सपातांकडे बघत होत्या. त्यांनाही माहीत होतं. त्या हॉलमध्ये माहीत नसलेला माणूस एकच असेल, तर तो माझ्या मते दारापाशी फोटो काढणारा.

एप्रिलमध्ये नवे कोच जाहीर झाले. हिराई-सान नव्हते. राष्ट्रीय संघातल्या बाई नव्हत्या, अमेरिकन नव्हता. आमच्या एवढ्या चर्चेतलं एकही नाव नव्हतं. विद्यापीठाने पोहणं शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांना नेमलं होतं, योग्य माणूस मिळेपर्यंत. शिमिझु-सेन्सेई. पहिल्याच दिवशी त्यांनी मुलींची माफी मागितली. "मला या खेळातलं काही येत नाही," ते म्हणाले. इरा त्या दिवशी घरी येऊन कितीतरी दिवसांनी हसली. मग हसता हसता थांबली आणि म्हणाली, "म्हणजे आता कुणीच नाही."

त्या वर्षीचे सामने मी सगळे पाहिले. बाकावर शिमिझु-सेन्सेई नवा ट्रॅकसूट घालून नियमांचं पुस्तक मांडीवर घेऊन बसायचे, कधी भलत्या वेळी टाळ्या वाजवायचे. नोझोमी-सान त्यांच्या मागे उभ्या राहून कानात सांगायच्या, की आता टाइम आउट मागा. कागदावर निर्णय त्यांचा, आवाज यांचा. मुली कधी त्यांच्याकडे बघायच्या, कधी नोझोमी-सानकडे. शरद ऋतूत संघ खालच्या विभागात घसरला. शेवटचा सामना संपल्यावर मुली रांगेत उभ्या राहून वाकल्या, कोरड्या डोळ्यांनी. रडले ते शिमिझु-सेन्सेई. सगळ्यांसमोर, ट्रॅकसूटच्या बाहीला नाक पुसत. इराने जाऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्या सगळ्या प्रकरणात उघड रडलेला माणूस तो एकच, आणि त्याचा त्यात काहीच दोष नव्हता.

संघ नंतर वर आला नाही. इरा मात्र शेवटपर्यंत खेळली. कुरोदा-सेन्सेईंचा क्यूशूचा संघ चांगला खेळतो, असं संजय सांगतो; तो अजून शोधत असतो.

गेल्या शरदात तिचा शेवटचा सामना झाला. आता तिला नागोयात नोकरी लागली आहे, बास्केटबॉलशी काही संबंध नसलेली. मार्चअखेर ती जाईल आणि मी पुण्याला. घरमालकाला कळवून झालंय. परवा संजय म्हणाला, "तुझ्या खोलीत मी कुंड्या ठेवल्यात. उन्हाची बाजू आहे ना. हलवतो." हलवू नको, मी म्हटलं, राहू दे. चार वर्षं संपायची वाट बघत होतो, त्या वर्षांनी जाताना एवढी जागा व्यापलेली असेल, याचा अंदाज कुणी बांधला नव्हता.

शिमिझु-सेन्सेई परत पोहण्याच्या तलावाकडे चाललेत. म्हणून ग्रुपवर पुन्हा नावं फिरू लागली आहेत. यंदा त्यात नोझोमी-सानचंही नाव आहे, पण तळाशी. मी कुणालाच उत्तर दिलं नाही. तरी हायाशी-सान नावाच्या एक बाई भेटायला आल्याच. त्यांची मुलगी पहिल्या वर्षात आहे. स्टेशनच्या कॉफी शॉपमध्ये त्या माझ्यासमोर बसल्या. कप हातात धरला, पण प्यायल्या नाहीत.

"तुम्ही यातून गेला आहात," त्या म्हणाल्या. "कोण येईल, असं तुम्हाला वाटतं?"

"मला माहीत नाही. आम्हाला तेव्हाही माहीत नव्हतं."

"मग तुम्ही काय केलंत?"

"थांबलो."

त्यांचा चेहरा उतरला. त्या काहीतरी हाती लागेल म्हणून गाडी बदलून आल्या होत्या. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "तुमच्या मुलीला विचारलंत का, तिला कोण हवंय ते? आम्ही सगळ्यांनी इतकी नावं घेतली, पण मुलींना कुणी विचारलं नाही."

हायाशी-सान यांनी मान डोलावली, जणू हे त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. विचारीन, म्हणाल्या. वाकून, माझं बिल देऊ पाहून, मी देऊ दिलं नाही तर परत वाकून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला. लिहिलं होतं, विचारलं. ती म्हणाली, कोणीही चालेल. फक्त एक रविवार दुपारपर्यंत झोपायचंय.

काल रविवार होता. सकाळीच प्रॅक्टिस होती. हायाशी-सान स्वतः मुलीला स्टेशनपर्यंत सोडून आल्या.